सहा पाकळ्यांचा गुलाब

रफूकाकूंचं सगळ्यात चांगलं काम आजवर कोणाच्याही नजरेला पडलेलं नाही. पडलं असतं, तर त्याला चांगलं कोण म्हणालं असतं? एका वकिलाच्या कोटाला सिगरेटनं पडलेलं भोक त्यांनी असं भरलं, की कोट न्यायला आलेले वकील वैतागून म्हणाले, "काकू, हा माझा कोट नव्हेच. माझ्या कोटाला भोक होतं." काकू नुसत्या हसल्या. पण पुढचे आठ दिवस त्या घरात गुणगुणत होत्या.

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीला चिकटून टेबल, टेबलावर भिंग लावलेला दिवा, कापड ताणून धरायची लाकडी गोल चौकट आणि वीस-बावीस सुया टोचलेली लोकरीची उशी. रफूसाठी बाजारातला दोरा त्यांना चालत नसे. "कितीही जुळवा, उन्हात गेला की चुगली करतोच," असं त्या म्हणायच्या. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून त्या एकेक धागा ओढून काढायच्या आणि भोकावर विणत जायच्या, उभ्यात उभा, आडव्यात आडवा. एका भोकाला कधी अर्धा दिवस लागायचा. तेवढ्या वेळात यजमान दोनदा चहा करून आणायचे. यजमान म्हणजे मीटरकाका. वीज कंपनीत तीस वर्षं घरोघर फिरून मीटरचे आकडे लिहून घेतले आणि निवृत्त झाले, पण नाव काही निवृत्त झालं नाही.

ही कला काकूंना सासूबाईंनी शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर उसवायला लावली. सासूबाईंचं सुईकाम गावभर नावाजलेलं, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. नव्या सुनेनं घातलेला टाका त्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "उसव." एका परकराची दुमड काकूंनी अकरा वेळा उसवली होती. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सुई ओवताना काकूंना अजून पाठीमागे कोणी उभं असल्यासारखं वाटायचं.

लग्न करून काकू या घरात आल्या, तशाच ल्यूथरन मंडळीतही आल्या. चर्च घरापासून चार गल्ल्या पलीकडे. चर्चच्या मागच्या खोलीत काळ्या टोपीतल्या, भरल्या गालांच्या एका गृहस्थाचं चित्र टांगलेलं होतं. पहिली दोन वर्षं काकू त्यांना सासरचे कोणी आजोबा समजत होत्या, कारण गाल थेट मीटरकाकांचे. ते पाचशे वर्षांपूर्वीचे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आहेत, ज्यांच्या नावानं ही मंडळी ओळखली जाते, हे कळल्यावर त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यापलीकडे ल्यूथरशी त्यांचा काही संबंध आला नाही. रविवारी उपासनेला जायचं, गाणी म्हणायची, घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं.

मग नवे पाळकसाहेब आले. वयानं तरुण, चष्मा सारखा घसरणारा, आणि उत्साह उतू जाणारा. एका रविवारी उपासना संपल्यावर ते म्हणाले, "आपण स्वतःला ल्यूथरन म्हणवतो. पण का म्हणवतो असं विचारलं, की अर्धी मंडळी माझ्याकडे बघते आणि उरलेली घड्याळाकडे." लोक हसले. काही जण खरंच घड्याळाकडे बघत होते. तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वारसा साजरा करायचा आणि त्याआधी चार बुधवार संध्याकाळी वर्ग घ्यायचा, असं ठरलं.

ठरलेलं तडीस न्यायला मंडळीच्या सेक्रेटरी हेडबाई होत्याच. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागद घेतला आणि माणसं वाटून टाकली. कोणाला ल्यूथरनं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी चर्चच्या दारावर लावलेले पंच्याण्णव मुद्दे, कोणाला मंडळीनं सगळ्यांनी मिळून गायची रीत, कोणाला ल्यूथरची बायको, जिनं डझनभर पाहुण्यांचं घर एकटीनं चालवलं. रफूकाकूंच्या वाट्याला आलं चिन्ह.

"चिन्ह म्हणजे ते भिंतीवरचं निशाण?" काकूंनी विचारलं.

"तेच. त्याचा अर्थ तुम्ही सांगायचा. आणि कसर लागलीय त्याला, तेही तुम्हीच बघायचं. एकाच माणसाकडे दिलं की गोंधळ होत नाही," हेडबाई म्हणाल्या आणि कागदावर बरोबरची खूण केली.

वेदीच्या उजव्या हाताला चाळीस वर्षं एक मोठं कापडी निशाण टांगलेलं होतं. निळ्या कापडावर पांढरा गुलाब, गुलाबात लाल हृदय, हृदयात काळा क्रूस, आणि भोवती सोनेरी वर्तुळ. ही ल्यूथरचीच खूण. आणि ते निशाण शिवलं होतं काकूंच्या सासूबाईंनी, काकू लग्न होऊन येण्याच्या आदल्या वर्षी. मीटरकाकांनी शिडीवर चढून ते उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि खांद्यावरून घरी आणलं.

पहिल्या बुधवारी काकू वही घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत शेवटच्या रांगेत बसल्या. पाळकसाहेबांनी त्यांना चिन्हाचं छापील चित्र दिलं आणि सांगितलं, की ल्यूथरनं स्वतः एका मित्राला पत्र लिहून याचा अर्थ समजावला होता. काळा क्रूस दुःखाचा. पण तो हृदयाचा रंग मारत नाही, हृदय लालच राहतं, जिवंत राहतं. पांढरा गुलाब आनंदाचा आणि शांतीचा. निळं म्हणजे येणाऱ्या स्वर्गीय सुखाची सुरुवात. आणि सोनेरी कडं, कारण त्या सुखाला शेवट नाही. काकूंनी सगळं उतरून घेतलं आणि कडेला लिहिलं, 'निळा फिका पडलाय, दुमडीत मूळ रंग असेल.'

दुसऱ्या बुधवारी विषय होता कृपा. पाळकसाहेब रंगात आले होते. चांगली कामं करून करून माणूस देवाच्या मर्जीतला होऊ शकत नाही, हे ल्यूथरला कसं कळलं, त्याआधी तो स्वतःला किती छळत असे, बारीकसारीक चुका आठवून तासन्‌तास कबूल करत असे, ते त्यांनी सांगितलं. काकूंचा हात वर गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"म्हणजे काम कसंही केलं तरी चालतं?"

"नाही, नाही. काम चांगलंच करायचं. पण देवानं आपल्याला जवळ करावं म्हणून नाही, काकू. त्यानं आधीच जवळ केलंय म्हणून."

"आधीच? काम न बघता?"

"काम न बघता."

काकूंनी जरा विचार केला. "असं गिऱ्हाईक मला एकही मिळालं नाही," त्या म्हणाल्या. वर्गात हशा पिकला. पण काकू काही विनोद करत नव्हत्या.

त्याच आठवड्यात निशाण टेबलावर पसरून त्या कामाला लागल्या. एका पाकळीचा काठ कसरीनं पार खाल्ला होता, तिथे नवा तुकडा लागणार होता. आकार घ्यायला त्यांनी छापील चित्र शेजारी ठेवलं. चित्राकडे बघितलं, निशाणाकडे बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

"अहो, जरा इकडे या."

मीटरकाका वर्तमानपत्र हातात घेऊनच आले.

"पाकळ्या मोजा."

"सहा."

"आता चित्रातल्या."

"पाच." मीटरकाकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अरेच्चा!"

"चाळीस वर्षं दर रविवारी त्याच्यासमोर बसताय तुम्ही! जन्मभर आकडे वाचलेला माणूस!"

"मी मीटर वाचायचो," काका म्हणाले. "गुलाबाचं रीडिंग घ्या म्हणून कोणी सांगितलं नव्हतं."

चूक कशी झाली हे काकूंच्या लगेच लक्षात आलं. कंपासमध्ये जेवढं अंतर धरून वर्तुळ काढलं, तेवढ्याच अंतरानं त्या वर्तुळावर खुणा करत गेलं, की बरोबर सहा खुणा होतात. न मोजता, न डोकं चालवता. पाचासाठी खटपट करावी लागते. सासूबाईंनी खटपट केली नव्हती. सासूबाईंनी!

खरं सांगायचं तर काकूंना आनंद झाला. असा तसा नाही, पोटातून उसळून आलेला. परकराची अकरा वेळा उसवलेली दुमड एकदम डोळ्यांपुढून गेली. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "उसव!" चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलेल्या मीटरकाकांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणालीस?" "काही नाही," काकू म्हणाल्या.

हेडबाईंना कळवणं भाग होतं. त्या ताबडतोब आल्या, उभ्या उभ्याच पाकळ्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला. "मुलं 'पाच पाकळ्या' म्हणून पाठ करताहेत. पत्रिका छापून आल्यात. आणि भिंतीवर सहा? होईल का दुरुस्त पंधरा दिवसांत?"

"होईल. सगळ्या पाकळ्या काढून नव्यानं मांडीन. कोणाला कळायचं नाही," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा उच्चारलं असेल, पण इतक्या चवीनं कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. काकूंनी बारीक कात्री घेतली आणि खालच्या डावीकडच्या पाकळीपासून सुरुवात केली. टाके भराभर सुटत गेले. अर्धी पाकळी सुटली आणि त्यांचा हात थांबला. कापडावर भोकांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ सरळ, मोजून मारल्यासारखी. दुसरी वेडीवाकडी, धावतपळत घातलेली. त्यांनी भिंगाचा दिवा ओढला. बाकीच्या पाच पाकळ्यांना भोकांची एकच ओळ, आणि याच पाकळीला, तीही फक्त अर्ध्या भागात, दोन. भोकं वाचायला काकूंना कोणी शिकवायला नको होतं. ही पाकळी कोणीतरी अर्धी उसवली होती आणि परत शिवली होती. दोराही तोच, गाठ मारायची तऱ्हाही तीच. म्हणजे सासूबाईंनीच.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

काकूंनी कात्री खाली ठेवली. ज्या बाईला दुसऱ्याचा एक वाकडा टाका पाहवत नव्हता, तिनं स्वतःची एवढी ढळढळीत चूक सगळ्या मंडळीसमोर टांगून ठेवली आणि मरेपर्यंत तिच्यासमोर बसून गाणी म्हटली? काकूंना काही उमजेना. त्यांनी निशाण पिशवीत घातलं आणि तडक ऑर्गनआजींचं घर गाठलं.

ऑर्गनआजी सासूबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. वय अठ्ठ्याऐंशी. पन्नास वर्षं त्यांनी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता आणि आता भाचीकडे तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसून असायच्या. बोटं मात्र स्वस्थ नसत, खुर्चीच्या हातावर काहीतरी वाजवत असत. काकूंनी पाकळी दाखवली. आजींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि खुदकन हसल्या.

"सापडलं का शेवटी कोणाला! मला वाटलं मी गेल्यावर सापडणार."

"आजी, त्यांना माहीत होतं?"

"निशाण लावायचं त्याच सकाळी कळलं. जुन्या पाळकांनी कुठूनसं चित्र आणलं होतं, ते दाखवलं. तिनं मोजलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी गेले तर ही जमिनीवर बसून उसवतेय आणि डोळ्यांतून धारा. बाहेर लोक जमलेले. मी म्हटलं, अगं, आता काय उसवतेस, वेळ कुठे आहे? ऐकेना. म्हणाली, मी हे असं देवासमोर लावणार नाही."

"मग?"

"मग जुने पाळक आले. कप हातात, बिस्कीट तोंडात. त्यांनी विचारलं, बाई, हे उसवून पाच केल्या तर देव तुम्हाला आजच्यापेक्षा जास्त आपलं मानेल का? ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, मग शिवून टाका, लोक खोळंबलेत. आणि गेले." आजींची बोटं थांबली होती. "मी कापड धरलं, तिनं शिवलं. हात असे थरथरत होते तिचे. तिच्या आयुष्यातले तेवढेच वाकडे टाके. आणि त्या दिवशी जी गायली गं ती! सूर कधीच नव्हता तिला, पण गायली मात्र."

काकू निशाणाची घडी घालू लागल्या. मग त्यांना जे इतकी वर्षं खुपत होतं ते बाहेर पडलं. "एवढं सगळं कळलं होतं, तर मला का मग अकरा-अकरा वेळा उसवायला लावलं?"

"ते तिलाच विचारायला हवं होतंस," आजी म्हणाल्या. "कृपा मिळणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. तिच्या फार काही मुरली नव्हती."

"माझ्याबद्दल कधी काही चांगलं बोलल्या का तुमच्यापाशी?" काकूंनी जरा आशेनं विचारलं.

आजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही गं. चहा बरा करते म्हणाली होती एकदा."

यावर दोघी इतक्या हसल्या, की काय झालं म्हणून भाची आतून धावत आली.

घरी आल्यावर काकूंनी सुई ओवली आणि ती पाकळी परत जोडायला घेतली. पहिल्या दोन टाक्यांतच अडचण कळली. त्यांचा हात सरळच जात होता. वाकडं घालायचं म्हटलं तरी जमत नव्हतं. शेवटी त्यांनी जुनी भोकं धरली. सासूबाईंची सुई जिथून गेली तिथूनच आपली सुई घालायची, मग ती जाईल तिकडे जाऊ दे. त्या वेड्यावाकड्या वाटेनं जाताना त्यांना त्या हातांची थरथर बोटांना लागत होती. सासूबाईंच्या इतक्या जवळ त्या त्यांच्या हयातीत कधी बसल्या नव्हत्या. त्यांना सगळं माफ करून टाकलं असं काही झालं नाही, ते प्रकरण तसं मोठं होतं. पण पाठीमागे कोणी उभं असल्याची जी भावना होती, ती त्या दुपारी नव्हती. कोणी असलंच, तर ते शेजारी बसलं होतं.

कसरीनं खाल्लेल्या पाकळीच्या काठाला त्यांनी पांढरा तुकडा लावला, आणि निळ्या कापडातली भोकं मात्र आपल्या पद्धतीनं भरली. दुमडीतला न विटलेला निळा धागा काढून, उन्हात तेवढाच फिका करून, अशी, की शोधून सापडणार नाहीत.

आता राहिल्या हेडबाई. काकू त्यांच्याकडे पाळकसाहेबांना घेऊन गेल्या आणि सगळी हकीकत सांगितली. पाळकसाहेबांचा चष्मा आनंदानं घसरला. "काकू, मी चार बुधवार बोलून जे सांगितलं ते या एका पाकळीत आहे!"

हेडबाई मात्र हलल्या नाहीत. "गोष्ट छान आहे. पण चूक ती चूक. चौतीस वर्षं मी वह्या तपासल्या. लाल पेन हातात घेऊन कधी कोणाला म्हटलं नाही, की राहू दे."

"मग तुमची मर्जी," काकू म्हणाल्या. "कमिटीनं सांगितलं तर निशाण उतरवा, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. मी उसवणार नाही."

हेडबाईंना 'नाही' म्हणणारं माणूस त्या मंडळीत फार वर्षांत झालं नव्हतं. पाळकसाहेब छताकडे बघू लागले. हेडबाईंनी निशाण मागून घेतलं, पाकळी उलटीसुलटी करून पाहिली, वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मागच्या खोलीत रडल्या होत्या म्हणता?" त्यांनी हळूच विचारलं.

"जमिनीवर बसून."

"मला वाटायचं, त्या कधी रडतच नसतील," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांनी निशाण नीट दुमडून काकूंना परत दिलं. मग एकदम, "रविवारी साडेनऊला या, निशाण लावायला. दहाला नव्हे."

वारशाच्या रविवारी चर्च भरून गेलं होतं. आजींना खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं होतं. गाणी झाली, पंच्याण्णव मुद्द्यांपैकी सुदैवानं चारच वाचून झाले, आणि हेडबाई पुढे आल्या.

"पत्रिकेचं तिसरं पान काढा. चिन्हाला पाच पाकळ्या असतात, असं छापलंय. ते बरोबर आहे. आता भिंतीकडे बघा आणि मोजा."

सगळ्या चर्चमध्ये ओठ हलू लागले. मुलांच्या रांगेतून एक आवाज आला, "सहा!" आणि कुजबुजीची लाट उसळली.

"सहा आहेत, ते चूक आहे," हेडबाई म्हणाल्या. "ते तसंच ठेवायचं आहे. का, ते रफूकाकू सांगतील."

काकू वही घेऊन पुढे आल्या. रंगांचे अर्थ त्यांनी वहीतून वाचले आणि मग वही मिटली. "ही माझ्या सासूबाईंची चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी ती दुरुस्त करायला बसले होते, आणि मला फार मजा येत होती." लोक हसले. मग त्यांनी मागच्या खोलीतली सकाळ सांगितली, आजींनी सांगितली तशीच, कप-बिस्किटासकट. शेवटी म्हणाल्या, "मी जन्मभर भोकं दिसेनाशी करत आले. अजूनही करणार, कारण लोकांना तेच हवं असतं. पण इथे येताना आपलं भोक आधी बुजवून यायला लागत नाही, एवढं मला या वर्गात कळलं. उशिरा कळलं, पण कळलं." आणि त्या पटकन खाली बसल्या.

"आता गाणं सुरू करा," आजी पुढून मोठ्यानं म्हणाल्या. "त्या दिवशीसुद्धा असाच उशीर झाला होता."

उपासनेनंतर चहाच्या वेळी काकूंभोवती गर्दी झाली. पण कौतुक करायला आलेले थोडे, बाकीचे आपापली चूक सांगायला आले होते. दुसऱ्या रांगेतला बाक बनवणारा सुतार म्हणाला, "काकू, तो बाक दोन बोटं आखूड आहे. वीस वर्षं मी त्याच्यावर माझ्याच बायकोला बसवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला कळू नये." हल्लीचा ऑर्गनवाला म्हणाला, की शेवटच्या कडव्याला तो एक सूर नेहमी चुकवतो आणि तो झाकायला नेमका तेव्हाच खोकतो. मीटरकाकांनी सगळ्यांसमक्ष कबूल केलं, की एका घरी मोठं कुत्रं होतं, तिथलं रीडिंग ते तीन महिने रस्त्यावरूनच घेत होते. "म्हणजे अंदाजे?" काकूंनी विचारलं. "अगदी बारकाईनं अंदाजे," काका म्हणाले.

चार बुधवार संपले होते, वर्गही संपला होता. तरी पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेब दिवा बंद करायला मागच्या खोलीत गेले, तर अकरा माणसं खुर्च्या मांडून बसलेली. पहिल्या रांगेत रफूकाकू, मांडीवर वही.

"आज काहीच तयारी नाही हो माझी," पाळकसाहेब म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "मला त्या ल्यूथरच्या बायकोबद्दल विचारायचंय. रोज डझनभर पाहुणे असायचे म्हणता, तर त्या घरातली धुणी-शिवणी कोण करत होतं?"

पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "ते मलाही माहीत नाही. चला, शोधू या."